मेंदूच्या लहरी शोधणारा डॉक्टर नसबंदीच्या कोर्टातही बसायचा : गोष्ट ईईजीच्या हान्स बर्गर यांची

मुलाला फिट येत असेल आणि डॉक्टरांनी ईईजी सांगितला असेल, तर सोबत सूचनाही मिळतात. डोक्याला तेल लावू नका. आदल्या दिवशी शाम्पूनं केस धुवा. रात्री उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा, येताना रिक्षात डुलकी लागू देऊ नका.

आणि शेवटी एक सूचना असते. मूल झोपलं नाही तर झोपेचं औषध द्यावं लागेल.

बऱ्याच मुलांच्या बाबतीत एवढ्यावर भागतं. पण अँजेलमन सिंड्रोम, रेट सिंड्रोम असे दुर्मीळ जनुकीय आजार असलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी ही शेवटची सूचनाच सगळ्यात अवघड असते. मूल एका जागी थांबत नाही. औषध द्यावं तर श्वासाची काळजी. शिवाय जे बघायचंय, म्हणजे मेंदूच्या लहरी, त्याच या औषधानं बदलू शकतात.

हा पेच आजचा नाही. 100 वर्षांपूर्वी ज्या माणसानं मानवी मेंदूच्या लहरी पहिल्यांदा टिपल्या, त्याला तो पहिल्या काही वर्षांतच दिसला होता. त्यांचं नाव हान्स बर्गर. आनुवंशिक आजार असलेल्या माणसांशी त्यांचा आणखी एका ठिकाणी संबंध आला होता, आणि ती गोष्ट कित्येक वर्षं कुणी फारशी सांगितलीच नाही.

घोडा, तोफ आणि एक तार

हान्सचा जन्म 21 मे 1873 चा, जर्मनीतल्या कोबर्ग शहराजवळच्या नॉयझेस गावातला. वडील डॉक्टर. आईचे वडील फ्रीडरिश रुकर्ट हे जर्मनीतले नावाजलेले कवी आणि पौर्वात्य भाषांचे पंडित. नल-दमयंती, सावित्रीची कथा, गीतगोविंद हे सगळं जर्मन भाषेत नेणारा हा माणूस. नातू जन्मला तेव्हा आजोबांना जाऊन सात वर्षं झाली होती.

हान्सला मात्र आकाशातले तारे मोजायचे होते. खगोलशास्त्र शिकायचं म्हणून तो विद्यापीठात गेला, पण मन रमलं नाही. मग एक वर्षासाठी तो घोडदळात भरती झाला.

1893 मध्ये सरावाच्या वेळी त्याचा घोडा अचानक मागच्या पायांवर उभा राहिला. हान्स खाली पडला तो थेट घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या एका तोफेच्या वाटेत. तोफेचं चाक अगदी शेवटच्या क्षणी थांबलं आणि तो वाचला.

त्याच संध्याकाळी घरून वडिलांची तार आली. हान्स ठीक आहे ना, अशी विचारणा होती. वडिलांनी यापूर्वी कधी अशी तार केली नव्हती. झालं असं होतं, की त्याच्या बहिणीला त्या दिवशी आपला भाऊ संकटात असल्याचं एकाएकी वाटलं आणि तिनं तार करायला लावली.

आज कुणीही याला योगायोग म्हणेल. पण तरुण हान्सची खात्री पटली, की भीतीच्या त्या क्षणी त्याच्या मेंदूतून काहीतरी निघालं आणि बहिणीपर्यंत पोहोचलं. ते काय असेल, हे शोधायला त्यानं तारे सोडले आणि डॉक्टरकी धरली. त्याचा तर्क चुकीचा होता, हे सांगायला नको. पण या चुकीच्या तर्कानं त्याला पुढची 30 वर्षं जागं ठेवलं.

20 वर्षं हाती काहीच नाही

1897 मध्ये डॉक्टरेट मिळवून बर्गर येना विद्यापीठाच्या मनोरुग्णालयात ओटो बिन्सवांगर यांच्या हाताखाली रुजू झाले. तत्त्वज्ञ नीत्शे यांच्यावर काही वर्षांपूर्वी इथेच उपचार झाले होते. बर्गर यांनी पुढची सगळी नोकरी याच संस्थेत काढली. 1919 मध्ये ते तिचे प्रमुख झाले.

सहकाऱ्यांना माहीत असलेले बर्गर म्हणजे वेळेचे पक्के, अबोल, कडक आणि थोडे कंटाळवाणे साहेब. रोज ठरल्या मिनिटाला वॉर्डात फेरी, ठरल्या मिनिटाला परत. हा माणूस संध्याकाळी एका खोलीत स्वतःला कोंडून काय करतो, याचा पत्ता त्यांच्या जवळच्या सहायकांनाही नव्हता.

ते मनाची ऊर्जा मोजायला निघाले होते. आधी मेंदूतलं रक्ताभिसरण मोजून पाहिलं. मग मेंदूचं तापमान मोजलं. दोन्हीतून मनाचा पत्ता लागला नाही.

विजेचा मार्ग माहीत होता. लिव्हरपूलचे डॉक्टर रिचर्ड कॅटन यांनी 1875 मध्येच प्राण्यांच्या उघड्या मेंदूवर विजेचे सूक्ष्म प्रवाह दाखवले होते. 1902 मध्ये बर्गर यांनी कुत्र्यांच्या मेंदूवर तेच करून पाहिलं, पण यश आलं नाही. पहिलं महायुद्ध आलं, ते लष्करी मानसोपचारतज्ज्ञ म्हणून पश्चिम आघाडीवर गेले आणि परत आले. प्रश्न तसाच होता.

अडचण नेमकी काय होती, ते समजून घ्या. टॉर्चच्या सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. डोक्याच्या कातडीवर मिळणारी मेंदूची वीज त्याच्या साधारण 30 हजाराव्या भागाएवढी असते. मधे कवटीचं हाड, वर कातडी. जबडा आवळला, पापणी फडफडली, मान हलली, की स्नायूंची वीज मेंदूच्या विजेला सहज गिळून टाकते. आणि तेव्हा विजेचे इतके बारीक संकेत वाढवून दाखवणारी साधनं बर्गर यांच्याकडे नव्हती.

म्हणून त्यांनी कवटीच चुकवली. ऑपरेशनमध्ये किंवा युद्धातल्या जखमेमुळे ज्यांच्या कवटीचं हाड एखाद्या जागी निघालेलं होतं, असे रुग्ण त्यांनी निवडले. 6 जुलै 1924 रोजी अशाच एका 17 वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर तारा लावल्या असताना गॅल्व्हानोमीटर किंचित थरथरला.

दुसरा कुणी असता तर महिन्याभरात शोधनिबंध छापून मोकळा झाला असता. बर्गर पाच वर्षं गप्प बसले. हा थरथराट हृदयाचा नाही ना? रक्तवाहिन्यांच्या ठोक्याचा नाही ना? कातडीचा, स्नायूंचा, की यंत्राचाच दोष? एकेक शंका घेऊन ती खोडून काढायची, डायरीत लिहायचं, पुन्हा शंका घ्यायची, असा तो काळ गेला.

या पाच वर्षांत सगळ्यात जास्त वेळा तारा लावून घेणारा माणूस कोण होता? त्यांचा स्वतःचा मुलगा, क्लाउस. पहिल्या निबंधात एकट्या क्लाउसच्या 73 नोंदी आहेत. तेव्हा तो 15 ते 17 वर्षांचा होता. बर्गर यांनी स्वतःच्या डोक्यावरही तारा लावल्या. पत्नी उर्सुला लग्नाआधी त्यांच्याच प्रयोगशाळेत सहायक होती, त्यामुळे घरात या कामाचं कुणाला नवल नव्हतं.

रोगी नसलेला, समजूतदार, सांगितलं की डोळे मिटून निपचित पडून राहणारा मुलगा. ईईजीसाठी याहून चांगला माणूस मिळणं शक्य नव्हतं.

डोळे उघडले की लहर गायब

1929 मध्ये निबंध छापून आला. माणसाच्या मेंदूचा विद्युत आलेख, एवढंच साधं नाव. पुढच्या नऊ वर्षांत याच नावानं एकूण 14 निबंध आले.

त्यात काय होतं? माणूस डोळे मिटून शांत पडला की सेकंदाला साधारण 10 वेळा वरखाली होणारी एक मोठी, संथ लहर दिसते. तिला त्यांनी अल्फा म्हटलं. डोळे उघडले किंवा मनातल्या मनात गणित सोडवायला घेतलं की ती दबते आणि बारीक, वेगवान बीटा लहरी उरतात. ही दोन्ही नावं आजही प्रत्येक ईईजी रिपोर्टमध्ये असतात.

मग बर्गर यांनी प्रश्न उलटा केला. डोळे उघडण्यानं लहर बदलते, तर शुद्ध हरपल्यावर काय होतं? क्लोरोफॉर्मची भूल दिलेल्या रुग्णांच्या लहरी त्यांनी टिपल्या. भूल खोल होत गेली तशा लहरी बदलत, क्षीण होत गेल्या आणि रुग्ण शुद्धीवर आला तशा परतल्या. गुंगीच्या इतर औषधांचा परिणामही त्यांनी नोंदवला. फिटनंतरच्या, डोक्याला मार लागलेल्या रुग्णांच्या आणि लहान मुलांच्याही लहरी घेतल्या. लहान वयात त्या मोठ्यांपेक्षा संथ असतात, हे त्यांना दिसलं.

म्हणजे ईईजीचं शास्त्र दहा वर्षांचंही नव्हतं, तेव्हाच एक गोष्ट स्पष्ट झाली होती. भूल आणि गुंगी देऊन मेंदू नुसता शांत होत नाही. कागदावर दिसणारं चित्रच वेगळं होतं.

बर्गर यांच्यासाठी ही आनंदाची बातमी होती. लहरींचा शुद्धीशी संबंध आहे, याचा तो पुरावा होता. आज ईईजी करणाऱ्या डॉक्टरांसाठी हीच डोकेदुखी आहे.

आज त्या खोलीत काय चालतं

1960 च्या दशकात काही आजार एकामागून एक ओळखले गेले. 1965 मध्ये ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ हॅरी अँजेलमन यांनी तीन मुलांचं वर्णन केलं. सतत हसरी, चालताना झोके जाणारी, न बोलणारी, फिट येणारी मुलं. 1966 मध्ये व्हिएन्नाचे आंद्रेयास रेट यांनी मुलींमधला असाच एक गंभीर आजार मांडला. 1978 मध्ये फ्रान्सच्या शार्लोट द्रावे यांनी तान्ह्या वयात तापाबरोबर सुरू होणाऱ्या हट्टी फिटचा आजार वेगळा काढला. या आजारांमागची जनुकं कळायला पुढची कित्येक वर्षं गेली. रेट सिंड्रोमचं जनुक 1999 मध्ये सापडलं.

या मुलांसाठी बर्गर यांचं यंत्र फार कामाचं आहे. अँजेलमनमध्ये मोठ्या, संथ लहरींचा एक ठरावीक नमुना दिसतो. जाणकार डॉक्टरला त्यावरून जनुकाची तपासणी करण्याआधीच आजाराचा संशय येऊ शकतो. काही आजारांत दोषाचे टोकदार झटके जागेपणी थोडे आणि झोपेत भरपूर दिसतात. म्हणून तर झोपेतला ईईजी हवा असतो.

पण क्लाउससारखं निपचित पडून राहणं यांच्यातल्या अनेकांना जमत नाही. अँजेलमनच्या मुलांना तर मुळात झोपच कमी असते. रात्रभर जागवून आणलं तरी ती टक्क जागी, तारा ओढणारी. मग औषधाचा विचार येतो.

क्लोरल हायड्रेट हे झोपेचं औषध बर्लिनच्या ऑस्कर लीब्राइश यांनी 1869 मध्ये पुढे आणलं, म्हणजे बर्गर जन्मायच्या चार वर्षं आधी. मुलांच्या ईईजीसाठी ते पुढे अनेक दशकं वापरलं गेलं. आपल्याकडे त्याच घराण्यातलं ट्रायक्लोफॉस सिरप वापरतात. मेलाटोनिन आहे, डेक्समेडेटोमिडिन आहे. यांचा लहरींवरचा परिणाम तुलनेनं कमी, म्हणून यांची निवड.

उलट मिडाझोलामसारखी औषधं फिट थांबवण्यासाठीच वापरली जातात. ती देऊन ईईजी काढला तर जे झटके शोधायचेत तेच दबतात आणि वर बीटा लहरींचा पूर येतो. चोर पकडायला जायचं आणि आधी भोंगा वाजवायचा, त्यातला प्रकार.

प्रत्येक आजाराची तऱ्हाही निराळी. रेट सिंड्रोमच्या मुली जागेपणी मधेच श्वास रोखतात, मधेच जोरजोरात घेतात. काहींच्या हृदयाच्या ठोक्यातही दोष असतो. माइटोकॉन्ड्रियाच्या आजारात प्रोपोफॉल हे भुलीचं औषध जपून वापरावं लागतं. हर्लर सिंड्रोमच्या मुलांमध्ये जीभ मोठी आणि श्वासमार्ग अरुंद असतो, त्यामुळे गुंगीत तो बंद पडण्याचा धोका असतो. म्हणून अशा मुलांना औषध द्यायचं तर ते हॉस्पिटलमध्येच, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावून, श्वास सांभाळता येणारा माणूस जवळ असताना. घरातून निघताना आपल्या मनानं पाजून आणायचं हे औषध नाही. आणि फिटची रोजची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चुकवायचीही नाही.

अनेक ठिकाणी आधी औषधाशिवायचे उपाय करून बघतात. आईच्या मांडीवर बसवून तारा लावणं, आधी बाहुलीच्या डोक्याला लावून दाखवणं, घरीच काही दिवस टोपी घालायची सवय करणं. वेळ जातो. तंत्रज्ञाकडे धीर लागतो. आपल्याकडच्या गर्दीच्या ओपीडीत नेमका तोच कमी पडतो.

बाहेर मान, आत दुसरंच काही

आता पुन्हा येनाला. बर्गर यांचा 1929 चा निबंध फारसा कुणी मनावर घेतला नाही. मनोरुग्णालयातला एक डॉक्टर, विजेचं शिक्षण नाही, आणि म्हणतो डोक्यावरून मेंदूची वीज मोजली! अनेकांना तो यंत्राचा दोष वाटला.

चित्र बदललं ते 1934 मध्ये. केंब्रिजचे नोबेल विजेते एडगर एड्रियन आणि त्यांचे सहकारी मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून तो खरा असल्याचं जाहीर केलं. प्रात्यक्षिकात एड्रियन यांनी स्वतःच्याच डोक्याला तारा लावल्या. या लहरीला बर्गर यांचं नाव द्यावं असं त्यांनी सुचवलं. पण नाव टिकलं ते बर्गर यांनी दिलेलंच, अल्फा. 1935 मध्ये अमेरिकेत गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी लहान मुलांच्या काही क्षण हरवल्यासारख्या फिटमध्ये सेकंदाला तीन झटक्यांचा नमुना दाखवला आणि ईईजी जगभरच्या हॉस्पिटलांत गेला. 1937 मध्ये पॅरिसच्या मानसशास्त्र परिषदेत बर्गर यांचा मोठा सन्मान झाला.

याच वर्षांत त्यांच्या देशात दुसरं एक काम जोरात होतं.

हिटलर सत्तेवर आल्यावर जुलै 1933 मध्ये आनुवंशिक रोग पुढच्या पिढीत जाऊ नयेत म्हणून कायदा झाला. यादी ठरली. जन्मजात मतिमंदत्व, स्किझोफ्रेनिया, आनुवंशिक अपस्मार म्हणजे फिटचा आजार, हंटिंग्टनचा आजार, आनुवंशिक अंधत्व, बहिरेपण. अशा माणसांची नावं कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक झालं. मग एक न्यायाधीश आणि दोन डॉक्टर मिळून त्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा निर्णय द्यायचे. माणूस तयार नसेल तर पोलीस घेऊन जायचे. 1945 पर्यंत सुमारे चार लाख लोकांची अशी नसबंदी झाली.

निर्णयाविरुद्ध दाद मागायला वरचं कोर्ट होतं. येनाच्या त्या वरच्या कोर्टात बसणाऱ्या डॉक्टरांपैकी एक होते हान्स बर्गर.

जनुक म्हणजे नेमकं काय, हे तेव्हा कुणालाच धड माहीत नव्हतं. कोणता अपस्मार आनुवंशिक आणि कोणता नाही, हे सांगणारी तपासणी नव्हती. बर्गर यांना तर हे इतरांपेक्षा जास्त कळत असणार. गॅल्व्हानोमीटरच्या एका थरथराटावर पाच वर्षं शंका घेणारा हा माणूस. कोर्टातल्या कागदांवर तेवढी शंका त्यांनी घेतल्याचं दिसत नाही.

ते नाझी पक्षाचे सदस्य नव्हते, पण एसएस संघटनेला वर्गणी देणारे सदस्य होते.

1938 मध्ये, 65 व्या वर्षी ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेले बेर्टहोल्ड किन पुढे रुग्णांना ठार मारण्याच्या टी-4 मोहिमेत मत देणाऱ्या डॉक्टरांमध्ये होते. 1940 मध्ये बर्गर यांचं मनावरचं छोटं पुस्तक आलं. त्यात ते पुन्हा टेलिपथीकडे वळले होते. तोफेसमोर पडलेला तो मुलगा त्यांच्यातून गेलाच नव्हता.

1941 मध्ये विद्यापीठाचे कुलगुरू आणि वंशशुद्धीचे कट्टर प्रचारक कार्ल आस्टेल यांनी त्यांना त्याच कोर्टावर परत येण्याबद्दल विचारलं. बर्गर यांनी आनंदानं होकार कळवला.

पण तब्येत ढासळत होती. हृदयाचा त्रास होता आणि खोल नैराश्य होतं. 1 जून 1941 रोजी येनाच्या रुग्णालयात दाखल असताना त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. वय होतं 68.

युद्धानंतर त्यांची जी गोष्ट जगभर सांगितली गेली, ती वेगळी होती. नाझींना नकोसा झालेला, जबरदस्तीनं घरी बसवलेला आणि त्या दुःखात गेलेला सज्जन शास्त्रज्ञ. 1969 मध्ये माँट्रियलच्या पिएर ग्लोर यांनी त्यांचे 14 निबंध इंग्रजीत आणले आणि जगभरचे डॉक्टर ते मुळातून वाचू लागले. संस्थांना, पुरस्कारांना त्यांचं नाव लागलं.

येनातली जुनी कागदपत्रं इतिहासकारांनी नीट उघडली ती या शतकात. निवृत्ती नेहमीच्या वयात झाली होती, हे त्यातून दिसलं. कोर्टातला सहभाग दिसला. आस्टेल यांना कळवलेला होकारही सापडला.

त्या कोर्टांनी दिलेले नसबंदीचे निकाल जर्मनीच्या संसदेनं कायदा करून रद्द केले होते, पण तेही 1998 मध्ये. तोवर ज्यांच्यावर ते लादले गेले, त्यांच्यातले फार थोडे हयात होते.